डोळे आठ, कान नाही

४ नोव्हेंबर १९९७

खुर्ची मिळाली! गोल फिरणारी. सातवी नापास भिमा खुर्चीवर आणि एम.ए. झालेले सावळाराम सर दारात उभे — हजेरीच्या कार्डांचा गठ्ठा छातीशी धरून. जग पुढं गेलं म्हणतात ते हेच असावं.

खोली काचेची. वरच्या मजल्यावर. ठिबकच्या नळ्यांच्या या कंपनीत आठ ठिकाणी कॅमेरे ठोकलेत आणि त्या आठांची चित्रं माझ्यापुढच्या चार टीव्हींवर आलटून पालटून येतात. एक नंबर गेट, दोन स्टोअर, तीन मशीन हॉल, चार गोडाऊनमागचा लिंब... दिग्विजय साहेब म्हणाले, "काही करायचं नाही भीमराव. फक्त बघायचं. सहा महिने नीट बघितलंस की कायमची ऑर्डर." पुण्यात शिकून आलेत. बघायचंसुद्धा शिकवतात तिकडं बहुतेक.

मला का निवडलं तर गेटवर होतो तेव्हा पाठमोरी चाल बघून सांगायचो, हा कोण गेला. साहेबाला वाटलं काही तरी चमत्कार आहे. अहो, कळपात वाढलो मी! कुठलं मेंढरू पाय टाकताना कचरतंय ते माझा बाप टेकडीवरनं सांगतो. त्याला कुणी फिरती खुर्ची दिली नाही.

चित्र काळं-पांढरं. आवाज नाही. हिंदुराव लोडर तोंड उघडतो, मिटतो, समोरचे पोट धरून हसतात. मी बघतोय — कशावर हसले कुणास ठाऊक. विहिरीतल्या माशांवर नजर ठेवल्यासारखं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी. बारामतीला बाजार. मी काटेवाडीतच खोलीवर पडून.

घरमालकीण कौसल्याकाकू भेंडी निवडत बसल्या होत्या. त्यांची पोरगी यंदा कॉलेजात गेली. म्हणाल्या, "सायन्सला न्हाय बसली, मग टाकली आर्टला. लग्नापतूर काय तरी पायजे ना."

टाकली! जसं काय लंगडं कोकरू मागनं येणाऱ्या घोड्यावर टाकावं.

मी म्हणालो, "काकू, आमच्या कंपनीत आर्टवाले एक सर हायत. मोठी डिग्री. कार्डं मोजत्यात."

काकू म्हणाल्या, "मग बरंच हाय की! निदान मोजाया तरी येतंय."

इतका हसलो की काकूंनी पुन्हा चहा टाकला.

८ नोव्हेंबर

लोक टीव्हीपुढं बदलतात. झाडूवाली तानूबाई कॅमेऱ्याखालनं जाताना डोक्यावर पदर घेते! दर खेपेला. खाली जाऊन विचारलं, तर म्हणते, "सायब बघत्यात न्हवं? मग थोरल्या माणसाफुडनं उघड्या डोक्यानं जायाचं व्हय?" साहेब माझ्या बरोबरीचा पोरगा आहे. आणि तोही बघत नाही, मी बघतो. म्हणजे ती बिचारी पदर माझ्यासाठी घेते! हे तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर झाडूच घातला असता.

तंबाखू मळणारे पाठ करून उभे राहतात. दोन पोरं कॅमेऱ्यापुढं भांग पाडतात. हिंदुराव मात्र सरळ वर बघतो आणि जीभ काढतो. मला काढतो. मला माहीत आहे.

११ नोव्हेंबर

सावळाराम सरांची कहाणी ऐकली. हसावं का थुंकावं कळेना.

हे तालुक्यातल्या एका कॉलेजात तासावर मराठी शिकवायचे. पोरं कमी होत होत शेवटी एकच उरला, तोही फौजदारकीच्या परीक्षेसाठी नाव घालून बसलेला. मग वर्ग बंद. खोलीत कॉम्प्युटर आणून ठेवले. म्हणे चपला बाहेर काढून आत जायचं! सर सांगतात, "माझ्या तासाला कुणी चपला काढल्या नाहीत रे भिमा."

मी म्हणालो, "सर, तुमच्या तासाला आत कोण येत हुतं?"

हसले. चांगला माणूस आहे. पण चांगलेपणाचं काय लोणचं घालायचं? इतकी पुस्तकं वाचली आणि शेवटी काम कोणतं, तर कोण किती उशिरा आलं. ते कार्ड मशीनच छापतं. सर फक्त रबर लावतात.

१४ नोव्हेंबर

चार नंबरमध्ये आज रिंगण दिसलं.

जेवणाच्या सुट्टीत गोडाऊनमागं, लिंबाखाली. दहा-बारा माणसं गोल उभी. मधे तात्याबा — निरवांगीचा म्हातारा, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी बांधतो. एक हात कानावर, तोंड आभाळाकडं. त्याचं तोंड मिटलं की बाकीच्यांची उघडायची. आवाज नाही तरी मला कळलं. धनगरी ओवी! तात्याबा ओवी धरतोय, बाकीचे मागनं झील ओढतायत.

अंगावर काटा आला आणि त्या काट्याचा मला राग आला.

आमच्या जतकडं बाप हेच करायचा. दिवसभर मेंढरं, संध्याकाळी तळावर ओवी. मला म्हणायचा झील धर. कशाला धरू? ओवी म्हणून कुणाचं मेंढरू वाचलं? वर एक रीत काढून ठेवलेली. गाणारा नाव न घेता कुणावरही ओवी टाकतो. ज्याच्यावर पडली त्यानं रुसायचं नाही, पळायचं नाही. रिंगणात यायचं आणि पुढची ओवी आपण धरायची. नाही धरली तर ती ओवी त्याची झाली, मरेपर्यंत.

जत्रेत सगळ्या भावकीपुढं बापानं माझ्यावर टाकली — पायाला भिंगरी लागलेल्या कोकराची. मी उठलो, ट्रक धरला, थेट वापी. मग भोसरी, मग कुरकुंभ, आता हे. भिंगरी तर भिंगरी!

बाप आता मेंढरं घेऊन कुठल्या घाटाखाली असेल देव जाणे. मी सगळ्या कंपनीवर नजर ठेवून आहे आणि माझा बाप कुठं आहे ते मला माहीत नाही. घ्या.

१५ नोव्हेंबर

सरांनी घरनं टेपरेकॉर्डर आणलाय. लिंबाखाली रिंगणात मांडी घालून बसले — एखाद्या नवसाच्या पोरासारखं तोंड करून.

१८ नोव्हेंबर

साहेब नेमके सुट्टीच्या वेळी वर आले. चार नंबरपुढं थांबले.

"हे काय चाललंय?"

"ओव्या म्हणत्यात सायब."

"ओव्या? दळायला बसलेत का?"

"न्हाय सायब, धनगरी. ती येगळी असती."

"मग कानावर हात कशाला? कानात काही लावलंय का?"

"आपला आवाज आपल्याला लागावा म्हणून ठेवत्यात."

विश्वास बसला नाही. काचेवर बोट ठेवून मलाच शिकवायला लागले. "नीट बघ. गोल करून उभे. मधे लीडर. तो बोलला की सगळे एकदम तोंड उघडतात. ही घोषणांची प्रॅक्टिस आहे. युनियन आहे ही!"

वाटलं म्हणावं, साहेब, युनियन करायची तर कुणी कॅमेऱ्याखाली येऊन करेल का? पण कायमची ऑर्डर आठवली. गप्प बसलो. इतकी महागडी यंत्रं आणली आणि शेवटी बघितलं काय, तर जे आधीच डोक्यात होतं ते. यापेक्षा डोळे मिटून बसले असते तर खर्च वाचला असता.

मग बोट सरकलं. "हा टेपवाला कोण? तो टाइमकीपर ना?"

मी बोललो नाही. पण सरांची चाल मला ओळखू येत होती. बसलेल्या माणसालाही चाल असते.

२१ नोव्हेंबर

आजचा दिवस लिहून काढला नाही तर डोकं फुटेल.

साहेबांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. टेपसकट. मला पण, खाली कोण कोण असतं ते सांगायला. सर घाबरले होते. "लोकसाहित्य आहे, सर. माझा वैयक्तिक अभ्यास..." साहेब म्हणाले, "ऐकवा."

टेप लागला. तात्याबाचा आवाज एसीच्या केबिनमध्ये भरला. आठवतं तसं लिहितो —

काचंच्या घरात लांडगा बसला, करतो कळपाची मोजणी
मेंढरू गेलं आडोशाला, घड्याळात तेची नोंदणी

डोळं तुला आठ रं लांडग्या, कान दिला न्हाय देवानं
दारात तुझ्या गाऱ्हानं गातो, ऐकावं तरी कोनानं

म्हातारा जबरी आहे! हसू दाबताना माझं नाक वाजलं. साहेबाचा चेहरा कोरा. मेंढरं, लांडगा, देव — काही लागलं नाही. म्हणाले, "खेडवळ भाषा फार. म्हणजे, याचा अर्थ काय?"

इथंच वाट लागली.

काही नाही सर, देवाची गाणी आहेत — एवढं म्हणायचं होतं. संपलं असतं सगळं! पण 'अर्थ काय' हे शब्द कानावर पडले आणि सावळाराम सरांचं तोंड असं उजळलं, जसं काय सासऱ्यानं जावयाला विचारावं, पुरणपोळी वाढू का? उभे राहिले. हात आपोआप भिंतीकडं गेला, फळा शोधायला.

"हे रूपक आहे, सर! वरवर धनगराचं जगणं, पण आत आजचा कारखाना. काचेचं घर म्हणजे आपली टीव्हीची खोली. आठ डोळे म्हणजे कॅमेरे. आणि गंमत बघा — यंत्राला दृष्टी आहे, श्रवण नाही. केवढा मोठा विचार एका निरक्षर माणसानं..."

मी खोकलो. पुन्हा खोकलो. टेबलाखालनं त्यांच्या पायावर पाय दिला.

"पाय काढ भिमा. उपरोध अजून राहिलाय."

साहेबांनी पेन उचललं. अगदी गोड आवाजात विचारलं, "आणि लांडगा म्हणजे?"

"आपण, सर!" — आनंदानं!

टेप चालूच होता. तिसरी ओवी आली.

कुत्रं आमचंच, आमच्या तळावरलं, लांडग्यानं नेलं राखनीला
भाकर खातंय मान घालून, इसरलं कळपात भुकायला

"हे कुत्रं कोण?" साहेब म्हणाले.

सरांनी दोन बोटांनी माझ्याकडं दाखवलं. फळ्यावरचं उदाहरण दाखवावं तसं.

२२ नोव्हेंबर

तात्याबाला काढलं. गेटवर चहाचा कप हातात होता, तो पण पुरा पिऊ दिला नाही. एक नंबरमध्ये बघितलं मी. पिशवी खांद्यावर, पाठ ताठ. मागं वळून बघितलं नाही.

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. खरं सांगायचं तर वाटलं नाही. कुत्रं म्हणाला ना मला? आता बस निरवांगीला ओव्या म्हणत!

पण पुढचं ऐका. सरांना बढती! साहेब म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं आम्हाला हवीत. लोकांची भाषा समजणारी." लेबर ऑफिसर का काय. खाली मशीन हॉलशेजारी छोटी केबिन, दारावर नावाची पाटी. लिंबाखाली मायक्रोफोन बसणार, आणि रोज संध्याकाळी सर ऐकून साहेबांना अर्थ सांगणार.

वा! साहित्याला जागा नाही म्हणून रडत होते ना? मिळाली जागा! लांडग्याचा दुभाषी.

आणि मला — "रिंगणात कोण कोण असतं, सगळी नावं. चेहरे धूसर येतात, पण तू चालीवरून ओळखतोस. शुक्रवारपर्यंत दे. तुझी ऑर्डर टाइप करून ठेवलीय, सहा महिने थांबायला नको."

टाइप केलेली ऑर्डर लांबून दाखवली. कुत्र्याला भाकर दाखवतात तशी. ...हे मीच लिहिलं का?

२४ नोव्हेंबर

सर पाटीखाली बसून होते. केबिनला अजून रंगाचा वास.

"मला वाटलं नव्हतं रे असं होईल."

"तुमाला न्हाय वाटलं? रूपकं कळत्यात, समोरचा माणूस कळत न्हाय?"

"त्यांनी अर्थ विचारला, भिमा." हातातलं रबर ताणत म्हणाले, "इतकी वर्षं मीच विचारत होतो. समजलं का? समजलं का? पोरं खिडकीतनं एस.टी. बघायची. कुणी उलटा मला विचारला नव्हता."

"मग आता रोज इचारतील. खावा."

"घरी कळलंय, केबिन मिळाली म्हणून. बायकोनं शेजारी पेढे वाटले. आता काय सांगू, पुन्हा कार्डं मोजतो?" मग हळूच म्हणाले, "त्या यंत्रांना दिसतं, पण कळत नाही. कळायला माणूस लागतो. एवढंच मी आयुष्यभर शिकवलं."

"व्हय सर. आन् ज्याला कळलं तेनंच तात्याबाला घरी बसवला."

रागानं दार आपटून आलो. जिना चढताना लक्षात आलं, मी पण तर चालीवरनं नावंच सांगणार आहे. त्यांचं निदान डिग्रीचं ज्ञान. माझं बापाचं.

२५ नोव्हेंबर

चार नंबरमध्ये आज नुसता लिंब. माणसं भिंतीला पाठ लावून वेगवेगळी जेवतात. साहेब खूष — "बघ, शिस्त आली." हिंदुरावनं वर बघितलं. जीभ काढली नाही. त्याचं वाईट वाटलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कशासाठी गेलो माहीत नाही. भांडायलाच बहुतेक. वालचंदनगरची एस.टी., पुढं वडाप जीप, टपावर बसून. उसाच्या ट्रॉल्यांमागं धूळ खात निरवांगी.

तात्याबा गोठ्यापुढं दावं वळत बसलेला. मला बघून म्हणाला, "ये. लांडग्यानं सोडलं व्हय आज?"

"सुट्टी हाय."

म्हातारीनं पाणी दिलं. तात्याबानं दाव्यावरनं नजर न काढता विचारलं, "मास्तरनं अर्थ बराबर सांगितला का?"

"बराबर सांगितला म्हणून तर तुमाला काढलं!"

"समदा?"

"समदा. एक शबूद सोडला न्हाय."

म्हातारा खूष झाला! खरंच खूष झाला. म्हणाला, "मग झालं की. हितं गावात चाळीस वर्सं म्हणतोय, लोक नुसती मान डोलावत्यात. पैल्यांदा कुणी तरी पुरता अर्थ लावला. नोकरीचं काय, ती जायाचीच हुती. डोळ्यांला आता नळी दिसत न्हाय, नुसतं हाताला लागती."

हे लोक वेडे आहेत. एकाला अर्थ सांगायची हौस, दुसऱ्याला अर्थ लागल्याची! आणि मधल्या मधे भाकरी गेली त्याचं कुणालाच काही नाही. असं म्हणतोय तेवढ्यात आतनं म्हातारी बोलली, "तेला हौस हाय. मला न्हाय. दोन सांजंचं मला रांधाय लागतं." तात्याबाचा दावं वळायचा हात थांबला.

मग त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं. "बाकीच्यांची नावं मागितली आसतील."

"व्हय."

"कदी द्याची?"

"उद्या."

दे म्हणाला नाही, देऊ नको म्हणाला नाही. मलाच राहवलं नाही. "मला कुत्रं का म्हणालासा तात्याबा?"

"तू हायस का?"

"न्हाय!"

"मग मला कशाला सांगतोस? तू जतचा, धनगराचा. रीत ठावं हाय न्हवं? ओवी पडली तर रिंगणात यायाचं, फुडची धरायची. मी वाट बघत हुतो. लिंबाखाली रोज वर बघायचो — आज उतरंल, उद्या उतरंल."

म्हणजे तो आभाळाकडं बघत नव्हता. चार नंबरमध्ये मला वाटायचं, आभाळाकडं बघतोय.

परतीच्या एस.टी.त खिडकी मिळाली. काटेवाडीचा थांबा आला तरी कळलं नाही, कंडक्टर ओरडला.

२८ नोव्हेंबर

साहेबांना नावं दिली नाहीत.

सुट्टीचा भोंगा झाला तेव्हा सर काचेच्या खोलीत आले होते, मायक्रोफोनची जागा विचारायला. मी उठलो. त्यांना खुर्चीवर बसवलं. म्हणालो, "चार नंबर बघा सर. कळलं तरी सांगू नका."

खाली गेलो. लिंबाखाली एकटाच उभा राहिलो. कानावर हात ठेवला आणि तोंड वर केलं —

कुत्रं बसलं काचंच्या घरात, भुकलं तर बाहीर जाईना
काच सोडून आलं खाली, रिंगनात कुनी घेईना

भिंतीपासनं कुणी हललं नाही. पुन्हा म्हणालो. आवाज फाटला.

मग हिंदुरावनं डबा खाली ठेवला आणि झील ओढली.